आयसीसी नेमकी कुणाची आणि कशासाठी?

करावेकर

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला, तेव्हापासून आमच्या नेरुळच्या ग्रुपवर एक वाद पेटलाय. एक जण म्हणतो, आयसीसी (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद) म्हणजे आपल्या बोर्डाची, बीसीसीआयची, दुबई शाखा. दुसरा म्हणतो, उद्या आयसीसीला कुलूप लावलं तरी काही अडणार नाही, बोर्डं आपापसांत दौरे ठरवतातच. तिसऱ्याला अशी जबरदस्त संस्था हवी आहे जी कुणाच्या बापाला भीत नाही.

माझं मत आधीच मांडतो. आमच्याकडे गावागावांत टेनिस चेंडूच्या क्रिकेट टुर्नामेंटी होतात. पत्रकावर शेवटची ओळ ठरलेली असते, 'आयोजकांचा निर्णय अंतिम राहील.' आणि आयोजकांची स्वतःची टीमही त्याच ड्रॉमध्ये असते. आयसीसीची घडण अशीच आहे. पूर्ण सदस्य बारा, त्या बाराही बोर्डांचा माणूस संचालक मंडळावर. स्पर्धा कुठे घ्यायची, पैसा कुणाला किती द्यायचा, शिस्त कुणाला लावायची हे तेच ठरवणार. मला ही संस्था हवी आहे, पण आहे तशी नको. तुम्हाला काय वाटतं? आणि कृपा करून नुसतं 'पैसा भारताचा' लिहून जाऊ नका.

घणसोली_एक्स्प्रेस

पैसा भारताचा.

(बाकीचं रात्री लिहितो, लोकल आली.)

स्क्वेअर_लेग

मी ठाणे-कल्याण पट्ट्यात क्लब सामन्यांना अंपायरिंग करतो, म्हणून मी याकडे बोर्डाच्या नाही तर मैदानाच्या बाजूने बघतो.

क्रिकेटचे कायदे आयसीसी लिहीत नाही. ते लंडनच्या एमसीसी या क्लबचे आहेत, आजही. आयसीसी ठरवते त्या प्लेइंग कंडिशन्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरत्या अटी. त्याने किती फरक पडतो ते ६ नोव्हेंबर २०२३ ला दिल्लीत दिसलं. श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजच्या हेल्मेटचा पट्टा तुटला, बांगलादेशच्या शाकिबने अपील केलं, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिल्यांदा कुणीतरी टाइम्ड आऊट, म्हणजे वेळेत तयार न झाल्याने बाद, झालं. एमसीसीच्या कायद्यात नव्या बॅट्समनला ३ मिनिटं मिळतात, त्या विश्वचषकाच्या अटींत २ मिनिटंच होती. ती दोन मिनिटं आयसीसीची.

दुसरं, अंपायर. दोन्ही अंपायर यजमान देशाचे असायचे ते दिवस आठवणारे इथे बरेच असतील. पाहुणी टीम हरली की पहिली ओरड अंपायरवर. नव्वदच्या दशकात एक तटस्थ अंपायर आला, २००२ पासून निवडक अंपायरांचं एलिट पॅनेल आणि कसोटीला दोन्ही तटस्थ. मॅच रेफ्री १९९१ पासून. हे काम कुठलंही एक बोर्ड करू शकलं नसतं, कारण कुणी विश्वासच ठेवला नसता.

तिसरं, फेकणारे बोलर. कोपर १५ अंशांपर्यंत सरळ झालं तर चालतं ही मर्यादा सगळ्यांना सारखी, आणि ती प्रयोगशाळेत मोजतात. आमच्याकडे कसला आलाय कॅमेरा? मुलगा फेकतोय अशी शंका आली की स्क्वेअर लेगला उभं राहून चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त कोपर बघायचं. हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर उघडतंय का, एवढंच. ड्रिंक्सला त्याच्या कॅप्टनला बाजूला घ्यायचं, पोराला सगळ्यांसमोर बोलायचं नाही. नंतर रिपोर्ट. त्याच्या कोचने फोन करून 'वर बघा, चालतंय की' म्हटलं, तर 'वर मोजलंय, इथे मोजलेलं नाही' हे सांगता येतं. वर कुणीतरी एक माप ठरवलंय म्हणून खाली माझ्यासारखा माणूस ठाम उभा राहतो. आयसीसी बंद करा म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मधला_स्टंप

अंपायरदादा, ठाण्यात मला पायचीत दिलं होतं, चेंडू लेगला जात होता. तुम्हीच होतात का?

स्क्वेअर_लेग

लेगला जाणारा प्रत्येक चेंडू बॅट्समनलाच दिसतो. 🙂

मासुंदा_काठी

माझं वय सत्तरीच्या पुढे आहे, नौपाड्यात राहतो, रेडिओवर कसोटी ऐकत मोठा झालो. 'बीसीसीआयची दादागिरी' हे ऐकलं की मला आधी जुना हिशेब मांडावासा वाटतो.

ही संस्था १९०९ मध्ये लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर स्थापन झाली तेव्हा सदस्य तीन, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका. आपण, न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीज १९२६ मध्ये आत आलो. पण आत येऊन काय? इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाकडे नकाराधिकार होता, आणि तो १९९३ पर्यंत होता. म्हणजे कपिलने १९८३ चा कप उचलला त्यानंतर दहा वर्षं. जग जिंकलेल्या देशाने एखादा ठराव आणला तरी या दोघांपैकी एकाने मान हलवली की विषय संपला.

बोर्डाचे अध्यक्ष तेव्हा नागपूरचे एन. के. पी. साळवे. १९८३ च्या अंतिम सामन्याची जादा तिकिटं त्यांनी मागितली आणि लॉर्ड्सवाल्यांनी दिली नाहीत, असं सांगितलं जातं. साळवेंनी ते मनावर घेतलं. पाकिस्तानला सोबत घेऊन १९८७ चा विश्वचषक इंग्लंडबाहेर काढला, अंतिम सामना ईडन गार्डन्सवर झाला. विश्वचषक दुसरीकडेही होऊ शकतो, हे तोवर कुणी धरलंच नव्हतं.

म्हणून आज आपल्याकडे सत्ता आली याचं मला दुःख नाही. ती भीक म्हणून मिळालेली नाही. मात्र करावेकरांचा मुद्दा मला पटतो. नकाराधिकार आपल्याला डाचला होता. तोच आता पैशाच्या रूपात आपल्या हातात आलाय, तर आपण तो कसा वापरतो याकडे मी बारकाईने बघतो.

घणसोली_एक्स्प्रेस

रात्र झाली, आलो.

पैसा भारताचा, आणि त्यात लाजायचं काय? २०२४ ते २०२७ साठी आयसीसीचे फक्त भारतातले प्रक्षेपण हक्क सुमारे ३ अब्ज डॉलरला गेले. बघणारे आपण, जाहिराती आपल्याकडच्या, मैदानं भरणारे आपण. मग मोठा हिस्सा आपला नको? धंद्यात ज्याचं भांडवल त्याचा नफा. मासुंदाकाकांनी सांगितलेला इतिहास वाचून तर माझं मत आणखी पक्कं झालं. सत्तरेक वर्षं त्यांनी चालवलं, आता आपण चालवतो.

वाशी_ताळेबंद

हिशेब करणं हा माझा धंदा आहे, म्हणून आकडे घालतो. २०२४-२७ च्या वाटपाचे जे आकडे छापून आले त्यानुसार वर्षाला साधारण ६० कोटी डॉलर वाटायचे. त्यात भारताचा हिस्सा सुमारे ३८.५ टक्के, म्हणजे जवळजवळ २३ कोटी डॉलर. दुसऱ्या नंबरवर इंग्लंड, ६.८९ टक्के. मग ऑस्ट्रेलिया, ६.२५. आणि नव्वदहून जास्त असोसिएट देश, म्हणजे पूर्ण सदस्य नसलेले, सगळे मिळून ११ टक्क्यांच्या आसपास.

एक्स्प्रेस, तुमचा 'भांडवल' हा मुद्दा घेऊ. भांडवल देणारा नफ्याचा मालक असतो, हे कंपनीत बरोबर आहे. पण विश्वचषकात भारत एकटा खेळत नाही. डी. वाय. पाटीलवर उपांत्य फेरीत समोर ऑस्ट्रेलिया होती म्हणून ते ३३९ चं लक्ष्य आणि जेमिमाचे नाबाद १२७ अंगावर काटा आणून गेले. समोर तोडीची टीम नसेल तर जाहिरात कुणासाठी विकणार? वेस्ट इंडीजची कसोटी टीम बघा. ते बोर्ड कंगाल झालं, पोरं लीगकडे गेली. आपण जास्त घेऊच, पण इतकं घेऊ नये की समोरचा उभाच राहू शकणार नाही.

घणसोली_एक्स्प्रेस

ताळेबंदराव, वेस्ट इंडीजचं वाटोळं त्यांच्या बोर्डाने केलं. आपण त्यांना सांभाळायचा ठेका घेतलाय का?

वाशी_ताळेबंद

ठेका नाही. स्वार्थ आहे. मी स्वार्थाचंच बोलतोय.

अनघा_ऐरोली

अख्ख्या धाग्यात मुलींच्या क्रिकेटवर अजून फक्त जेमिमाचा एक आकडा आला, म्हणून लिहिते.

बायकांचा पहिला विश्वचषक १९७३ चा, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. तो आयसीसीने घेतला नव्हता. बायकांची स्वतःची आंतरराष्ट्रीय परिषद होती, तीच सगळं चालवायची, पदरमोड करून. २००५ मध्ये ती आयसीसीत विलीन झाली. आमच्या आधीच्या पिढीच्या खेळाडूंनी रिझर्वेशन नसलेल्या डब्यातून प्रवास केलाय आणि कुणाच्या तरी हॉलमध्ये जमिनीवर गाद्या टाकून झोपल्यात. आता २०२५ च्या विश्वचषकाचे आकडे घ्या. एकूण बक्षिसं १ कोटी ३८ लाख ८० हजार डॉलर. २०२२ च्या स्पर्धेत ती ३५ लाख होती. पुरुषांच्या २०२३ च्या विश्वचषकात १ कोटी. म्हणजे मुलींच्या स्पर्धेची रक्कम पुरुषांच्या मागच्या स्पर्धेपेक्षा जास्त झाली. २०२३ मध्ये आयसीसीने समान बक्षिसांचा निर्णय घेतला होता, तो पाळला.

हे कुठल्याही एका बोर्डाच्या मर्जीवर सोडलं असतं तर झालं असतं का? मला नाही वाटत. काही बोर्डांनी मुलींची टीम फक्त विश्वचषकापुरती उभी केली असती. वरून सक्ती आणि पैसा आला की खालचे हलतात. मी ऐरोलीत मुलींना शिकवते. आधी पालक विचारायचे, 'क्रिकेटच का, बॅडमिंटन का नको?' या महिन्यात नवीन येणाऱ्या पालकांपैकी हे कुणीही विचारलेलं नाही. एक वडील थेट विचारत होते, किट बॅग आत्ता घ्यायची की वर्षभराने. त्यांना म्हटलं, आधी फक्त बूट घ्या, बॅट माझ्याकडे आहेत.

तिसरी_सीट

अनघाताई, अंतिम सामन्याला होतात का? मी होतो. पावसाने सामना दोन तास उशिरा सुरू झाला. कव्हर्सवर साचलेलं पाणी सीमारेषेकडे ढकलताना मैदानावरची मुलं घसरत होती, आणि स्टँडमधून प्रत्येक खेपेला टाळ्या. दीप्तीने शेवटची विकेट काढली तेव्हा मध्यरात्र झाली होती. हार्बरची शेवटची गाडी चुकली आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

अनघा_ऐरोली

होते! आमच्या दहा-बारा पोरी घेऊन. दक्षिण आफ्रिकेची वोल्व्हार्ट शंभरीच्या पुढे गेली तेव्हा एक जण रडायलाच लागली होती. मग अमनजोतने तो कॅच तीनदा उडवत पकडला. त्या पोरीला अजून तोच कॅच पकडायचा असतो, सरावात मुद्दाम चेंडू उडवते.

मधला_स्टंप

विषयांतराबद्दल क्षमा, पण स्टेडियममधल्या सामोशाचे भाव कोण ठरवतं? त्यासाठी जागतिक संस्था हवी असेल तर माझं मत लगेच हो.

घणसोली_एक्स्प्रेस

+१. यावर तरी आपलं एकमत.

माइंडस्पेस_लंचटाइम

असोसिएट देशांबद्दल कुणी बोलतंय का? माझ्यासारख्या आयटीवाल्यांचा जीव तिथे अडकलाय. सौरभ नेत्रावळकर. मुंबईचा मुलगा, २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला, इथे जागा मिळाली नाही, शिकायला अमेरिकेत गेला, नोकरी धरली. आणि ६ जून २०२४ ला डॅलसमध्ये पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून जिंकून दिली. आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये पाच मिनिटं हाच विषय.

ती संधी आयसीसीने दिली. टी-२० विश्वचषक २० टीमचा केला म्हणून अमेरिका तिथे होती. उलट बाजूही हीच संस्था. एकदिवसीय विश्वचषक २०१९ आणि २०२३ मध्ये १० टीमवर आणला. २००७ ला भारत-पाकिस्तान पहिल्याच फेरीत बाहेर पडले आणि प्रक्षेपणवाले हादरले, तो धसका पुढे बरीच वर्षं राहिला. ज्या आयर्लंडने २००७ ला पाकिस्तानला आणि २०११ ला बंगळुरूत इंग्लंडला हरवलं, त्यांच्यासारख्यांना दार बंद. २०२७ ला पुन्हा १४ टीम येतायत, बरं झालं. पण दार उघडायचं की लावायचं हे दरवेळी टीव्हीचा हिशेब बघून ठरतं.

नेट_प्रॅक्टिस

अमेरिकेचंच पुढे सांगतो. ज्या बोर्डाच्या टीमने पाकिस्तानला हरवलं, तेच बोर्ड सप्टेंबर २०२५ मध्ये आयसीसीने निलंबित केलं, कारभार नीट नाही म्हणून. टीमला खेळू दिलं, पण बोर्डाचं सदस्यत्व स्थगित केलं. २०१९ मध्ये झिम्बाब्वे निलंबित, सरकारी हस्तक्षेपासाठी. नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रीलंका, त्याच कारणासाठी, आणि त्यांच्याकडे होणारा १९ वर्षांखालील विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत गेला.

यादी नीट वाचा. यात मोठं नाव दिसतंय का? हस्तक्षेप फक्त कोलंबो आणि हरारेतच होतो का? करावेकर म्हणतात ते खरं आहे, शिस्त लागते ती लहानांना.

स्क्वेअर_लेग

थोडं थांबा. मोठ्यांना शिस्त लागतच नाही हे मला मान्य नाही. षटकांची गती घ्या. डिसेंबर २०२० च्या मेलबर्न कसोटीत षटकं हळू टाकली म्हणून ऑस्ट्रेलियाचे ४ गुण कापले, आणि कसोटी अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी त्यांच्या हातून थोडक्यात गेली. न्यूझीलंड गेली आणि साउदॅम्प्टनला आपल्याला हरवून जिंकली. २०२३ च्या ॲशेसमध्ये इंग्लंडचे १९ गुण गेले, ऑस्ट्रेलियाचे १०. दोन षटकांच्या मधलं ६० सेकंदांचं घड्याळही सगळ्यांना एकच आहे.

नेट_प्रॅक्टिस

हो, मैदानाच्या आत ती सगळ्यांना सारखी आहे, मान्य. माझा आक्षेप मैदानाबाहेरचा. आणि मैदानाच्या आतलंच उदाहरण हवं तर डीआरएस घ्या, म्हणजे अंपायरचा निर्णय यंत्राने तपासून घ्यायची सोय.

२००८ मध्ये श्रीलंकेत आपल्याच मालिकेत प्रयोग झाला, आपले रिव्ह्यू वाया गेले, आणि बीसीसीआयने कट्टी घेतली. २०११ मध्ये आयसीसीने ते सक्तीचं केलं आणि काही महिन्यांतच सक्ती मागे घेतली, दोन्ही बोर्ड तयार असतील तरच वापरा म्हणाले. गंमत बघा, त्याआधी त्याच वर्षीच्या विश्वचषकात डीआरएस होतं. मोहालीच्या उपांत्य सामन्यात सचिनला पाकिस्तानच्या अजमलच्या चेंडूवर पायचीत दिलं आणि चेंडूची वाट दाखवणाऱ्या हॉक-आयने वाचवलं, तेव्हा आपण सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण द्विपक्षीय मालिकेत तेच यंत्र नको. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंड आलं तेव्हा कुठे आपण हो म्हटलं. मधली वर्षं भारताच्या मालिकांत एक नियम आणि बाकी जगात दुसरा. याला जागतिक संस्था म्हणायचं?

घणसोली_एक्स्प्रेस

तेव्हा हॉक-आयवर धोनीचा विश्वास नव्हता आणि ते चुकीचंही नव्हतं. तंत्र सुधारलं, आपण घेतलं. त्यात आयसीसी झुकली असं का?

नेट_प्रॅक्टिस

शंका रास्त होत्या, एक्स्प्रेस. पण न्यूझीलंडला शंका असत्या तर सक्ती मागे घेतली असती का? मला एवढंच विचारायचंय.

कोलशेत_कॉर्नर

ठाणेकरांनी दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल ही लीग बघितली ना? टेनिसचा चेंडू, १० षटकं, ठरावीक ठिकाणी चेंडू गेला की ९ धावा, ५०-५० ओव्हर. पोरं जाम खूश. यातली एकही गोष्ट आयसीसीला विचारून सुरू झाली नसेल. खेळ वाढतो तो खालून. आमच्या कोलशेतच्या टर्फवर रात्री बारा वाजता येऊन बघा, भिंतीला थेट लागला तर आऊट, जाळीला लागून पडला तर दोन. तिथे कोणाची परिषद लागत नाही.

स्क्वेअर_लेग

कोलशेत, टर्फवर भिंतीचा नियम दोन टीम खेळायच्या आधी बोलून ठरवतात, कारण दोघी समोरासमोर असतात. कराची आणि मुंबई समोरासमोर बसून नियम ठरवतील का? तिथे तिसरा लागतोच.

मासुंदा_काठी

अंपायरसाहेबांनी लाखातलं बोललं. चॅम्पियन्स ट्रॉफी २०२५ आठवा. यजमान पाकिस्तान, आपले सामने दुबईत. कुणाला आवडलं, कुणाला नाही. पण स्पर्धा झाली, ती मध्ये कुणीतरी बसून तोडगा काढला म्हणून.

आणि महाराष्ट्रातल्या लोकांनी एक विसरू नये. या संस्थेच्या वरच्या खुर्चीवर आपली माणसं बसली आहेत. २०१० ते २०१२ शरद पवार. २०१५ च्या अखेरीपासून २०२० पर्यंत नागपूरचे शशांक मनोहर. मनोहरांचं काम मला मोठं वाटतं. २०१४ मध्ये भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया या तिघांनी मिळून पैसा आणि अधिकार आपल्याकडे ओढून घेतले होते. मनोहर त्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, हे बरोबर नाही. २०१७ मध्ये नवी घटना आणि नवं वाटप मताला टाकलं, आणि त्यावर आपलं बोर्ड जवळजवळ एकटं पडलं. आधीच्या रचनेत भारताला आठ वर्षांत मिळून ५७ कोटी डॉलर मिळणार होते, ते २९ कोटींवर आले, मग बोलणी होऊन ४० कोटींच्या आसपास ठरलं. स्वतःच्या देशाच्या बोर्डाचा अध्यक्ष राहिलेला माणूस हे करतो, याला छाती लागते. इथे तेव्हा त्यांना किती शिव्या पडल्या! मी तेव्हाही त्यांच्या बाजूने होतो.

घणसोली_एक्स्प्रेस

काका, आदर आहे, पण मी तेव्हाही त्या शिव्या देणाऱ्यांत होतो आणि आजही देईन. आपल्याच माणसाने आपलं ताट कमी करायचं?

मासुंदा_काठी

द्या की. पण त्या खुर्चीवर बसल्यावर ताट सगळ्यांचं असतं. आज तिथे जय शाह आहेत, १ डिसेंबर २०२४ पासून. मी त्यांनाही याच मापाने मोजणार.

करावेकर

सगळं वाचलं. अंपायरदादांची एक बाजू मला पूर्ण पटली, मैदानाच्या आत ही संस्था नसेल तर गोंधळ होईल. अनघाताईंचीही. आता माझा मूळ मुद्दा परत आणतो, कारण तो अर्धा राहिलाय.

२०१२ मध्ये आयसीसीनेच लॉर्ड वुल्फ नावाच्या निवृत्त ब्रिटिश न्यायमूर्तींकडून कारभाराचा अहवाल करून घेतला होता. त्यांनी स्पष्ट लिहिलं, ही सदस्यांच्या क्लबासारखी चालते, मंडळावर बोर्डांशी संबंध नसलेले स्वतंत्र संचालक वाढवा. अहवाल बाजूला पडला, आणि दोन वर्षांत मासुंदाकाका म्हणतात तो तिघांचा कारभार आला. २०१७ च्या घटनेत एक स्वतंत्र संचालक ठेवला, २०१८ मध्ये पेप्सिकोच्या इंद्रा नूयी तिथे आल्या. सतराएक जणांच्या टेबलावर एकच.

माझी मागणी साधी आहे. असे निदान पाच-सहा जण तिथे हवेत. माजी खेळाडू, हिशेब जाणणारे, कायदा जाणणारे, ज्यांची कुठलीच टीम ड्रॉमध्ये नाही. भारताला ३८ टक्के द्यायचे तर द्या, पण ते त्यांनी मोजून, कारण लिहून द्यावेत. ज्याला हवेत त्यानेच हात वर करून घेऊ नयेत.

वाशी_ताळेबंद

सही. आणि वाटपाचा हिशेब जाहीर करा, प्रत्येक निकष किती टक्के धरला ते. आमच्याकडे छोट्या पतपेढीलाही हे करावं लागतं.

घणसोली_एक्स्प्रेस

स्वतंत्र लोकांना माझा विरोध नाही, करावेकर. फक्त ते लंडनचेच नकोत. त्यात एक तरी काठमांडूचा आणि एक नैरोबीचा असू दे, मग मी सही करतो. नेपाळची मॅच बघितलीय का कधी? झाडावर चढून लोक बघतात.

माइंडस्पेस_लंचटाइम

एक्स्प्रेसकडून हे वाचून आजचा दिवस सार्थकी लागला.

अनघा_ऐरोली

त्या पाच-सहांत निम्म्या बायका हव्यात. आणि त्यांच्या पहिल्या बैठकीत पहिला विषय अफगाणिस्तान.

अफगाणिस्तानला २०१७ मध्ये पूर्ण सदस्यत्व मिळालं. त्यांच्या बोर्डाने २०२० मध्ये २५ मुलींना करार दिले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आलं आणि टीमच संपली. बऱ्याच मुली ऑस्ट्रेलियात निघून गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला त्या पुन्हा एकत्र एक सामना खेळल्या. एप्रिलमध्ये आयसीसीने त्यांच्यासाठी मदतीचा गट आणि निधी जाहीर केला, त्यात भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाची बोर्डं आहेत. चांगलं आहे. पण टीम म्हणून मान्यता नाही, आणि त्यांच्या वाट्याचा पैसा आजही पुरुषांच्या बोर्डाकडे जातो.

मला रशीद खानच्या टीमवर बंदी नको आहे, त्या पोरांचा यात काही दोष नाही. पण मुलींना वेगळी टीम म्हणून मान्यता द्यायला आयसीसीला कोण अडवतंय? नेट_प्रॅक्टिस यांनी निलंबनाची यादी दिली, त्यात सरकारी हस्तक्षेप हेच कारण आहे. मुलींना खेळायलाच बंदी, याहून मोठा हस्तक्षेप कुठला?

नेट_प्रॅक्टिस

ताई, यावर वेगळा धागा काढा. मेलबर्नच्या त्या सामन्याची माहिती मी गोळा करून ठेवली आहे, तिथे टाकतो.

घणसोली_एक्स्प्रेस

काढा ताई. मीही येतो, आणि या वेळी 'पैसा भारताचा'ने सुरुवात करणार नाही. त्या निधीत आपण किती घातले, एवढं कुणीतरी शोधून ठेवा.